अमेरिकेतील 'स्टुडिओ आर्ट'ची पदवी : काय शिकवतात, कुणाला परवडते, कुणी घ्यावी?

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ओबर्लिन कॉलेजने आपल्या एका विद्यार्थिनीला शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र दिले. ते घ्यायला ती हजर नव्हती. तिचे निधन १९०७ मध्येच झाले होते. तिचे नाव एडमोनिया लुईस.

वडील कृष्णवर्णीय, आई मूळनिवासी ओजिब्वे समाजाची. १८५९ मध्ये ती ओबर्लिनला शिकायला आली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १८३५ पासून प्रवेश देणारे हे त्या काळातले पुढारलेले कॉलेज. तरीही १८६२ मध्ये सोबत राहणाऱ्या दोन गोऱ्या मुली आजारी पडल्या आणि एडमोनियाने त्यांना विष घातल्याचा आरोप झाला. जमावाने तिला पळवून नेऊन बेदम मारले आणि शेतात टाकून दिले. जॉन मर्सर लँग्स्टन या कृष्णवर्णीय वकिलाने तिचा खटला लढवला आणि ती सुटली. पुढे तिच्यावर चित्रकलेचे साहित्य चोरल्याचा आळ आला. तोही सिद्ध झाला नाही. पण शेवटच्या सत्राला तिला नावच नोंदवू दिले नाही. १८६३ मध्ये तिने कॉलेज सोडले. नंतर रोममध्ये राहून संगमरवरात काम करणारी ती जगप्रसिद्ध शिल्पकार झाली. तिचे 'डेथ ऑफ क्लिओपात्रा' हे शिल्प आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आज त्याच ओबर्लिनमध्ये 'स्टुडिओ आर्ट' हा पदवीचा मुख्य विषय म्हणून घेता येतो. अमेरिकेतील बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत तो असतो. आपल्याकडच्या तरुणांना मात्र त्याची माहिती फारशी नसते. 'हात चांगला' असलेली मुले-मुली आपल्या वस्त्यांमध्ये कमी नाहीत. जयंतीचा फलक रंगवणारी, पथनाट्याचा पडदा करणारी, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवणारी. दहावी-बारावी झाली की घरातून एकच प्रश्न येतो : चित्रे काढून पोट भरणार आहे का? प्रश्न खोटा नाही. म्हणूनच ही पदवी म्हणजे नेमके काय, ते नीट समजून घेऊ.

आधी एक गैरसमज

'लिबरल आर्ट्स' म्हणजे आपली आर्ट्स शाखा नव्हे आणि चित्रकलाही नव्हे. या शिक्षणपद्धतीत गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषा, संगीत असे सगळे विषय एकाच कॉलेजात आणि एकाच विद्यार्थ्यापुढे खुले असतात. बारावीला कोणती शाखा होती याने फरक पडत नाही. पहिली दोन वर्षे विद्यार्थी वेगवेगळे विषय घेऊन पाहतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो आपला मुख्य विषय जाहीर करतो. काही जण दोन मुख्य विषय घेतात.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्रासाठी गेले, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचे वर्गही त्यांनी केले, हे आपल्याला ठाऊक आहे. ते पदव्युत्तर शिक्षण होते. पण एका विषयात खोल जाताना आजूबाजूचे विषय सोडायचे नाहीत, ही जी सवय आहे, तीच लिबरल आर्ट्स पदवीचा पाया आहे.

'स्टुडिओ आर्ट' हा अशा कॉलेजातील एक मुख्य विषय. स्टुडिओत बसून स्वतःच्या हाताने कलाकृती घडवायला शिकणे, असा त्याचा सरळ अर्थ. कलेचा इतिहास हा त्याच्या शेजारचा, पण वेगळा विषय. स्टुडिओ आर्टच्या विद्यार्थ्याला कलेतिहासाचेही दोन-तीन अभ्यासक्रम करावे लागतात.

चार वर्षांत काय होते?

अनेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत चार वर्षांत मिळून साधारण ३२ अभ्यासक्रम पूर्ण करायचे असतात. त्यांतले १० ते १२ स्टुडिओ आर्टसाठी, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश बाकीच्या विषयांचे. हे प्रमाण लक्षात ठेवा. या पदवीची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यातच आहेत.

सुरुवात पायाभूत वर्गांपासून होते. रेखाटन, रंग, सपाट पृष्ठभागावरची रचना, त्रिमितीतली रचना. चारकोल, पेन्सिल आणि शाईने वस्तू, जागा आणि मानवी शरीर पाहून काढायचे. मग मधल्या पातळीचे वर्ग : तैलरंग, मुद्राचित्रण, शिल्प, सिरॅमिक्स, छायाचित्रण, व्हिडिओ, डिजिटल माध्यम. विद्यार्थी एकदोन माध्यमे निवडून त्यांत पुढे जातो.

स्टुडिओचा वर्ग व्याख्यानासारखा तासाभरात संपत नाही. एकेक वर्ग दोन-तीन तास चालतो, आठवड्यातून दोनदा. त्याबाहेरही तितकेच किंवा जास्त तास काम करावे लागते. 'चित्रकला म्हणजे सोपा विषय' असे समजून आलेले पहिल्याच सत्रात दमतात.

शेवटचे वर्ष सर्वांत महत्त्वाचे. विद्यार्थ्याला जागा मिळते आणि वर्षभर एकाच कल्पनेवर काम करायचे असते. अखेरीस कॉलेजच्या दालनात प्रदर्शन भरते. सोबत एक लेखी निवेदन द्यावे लागते. मी काय केले, का केले, कोणाच्या कामातून शिकलो, हे त्यात पानभरात मांडायचे. चांगले चित्र काढणारे अनेक जण या पानावर अडतात. चार वर्षांत लिहिलेले निबंध तिथे कामी येतात.

बऱ्याच कॉलेजांची स्वतःची संग्रहालये असतात. ओबर्लिनच्या ॲलन मेमोरियल संग्रहालयात १९४० पासून एक प्रथा आहे. विद्यार्थी पाच डॉलर भरून मूळ कलाकृती एका सत्रासाठी आपल्या वसतिगृहाच्या खोलीत लावायला नेऊ शकतो. पिकासोच्या कलाकृतीही त्यात असतात. महान चित्र फक्त काचेआड आणि दुरून बघायचे असते, ही भीती अशा गोष्टींनी जाते.

'क्रिट' : सगळ्यांसमोर उभे राहणे

या अभ्यासाचा गाभा म्हणजे क्रिट. सगळ्यांची कामे भिंतीवर लावली जातात. प्राध्यापक आणि वर्गमित्र एकेका कामापुढे थांबून बोलतात. काय दिसते, काय पोहोचत नाही, हा रंग इथे का, हा चेहरा अर्धाच का. ज्याचे काम आहे त्याला कधी आधी बोलायला सांगतात, कधी शेवटपर्यंत गप्प बसवतात. 'छान आहे' एवढे म्हणून सुटका नसते. कारण सांगावे लागते.

आपल्या शाळांमध्ये चित्राला गुण मिळतात, त्यावर चर्चा होत नाही. त्यामुळे पहिली काही क्रिट अपमानासारखी वाटू शकतात. पुढे कळते की बोलणे कामाबद्दल आहे, आपल्याबद्दल नाही. टीका ऐकून घेणे, तिच्यातले घ्यायचे ते घेणे आणि बाकीच्याला मुद्द्याने उत्तर देणे ही सवय कार्यकर्त्यालाही आयुष्यभर पुरते.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्गात आपल्या समाजातून आलेले आपण एकटेच असू शकतो. निळा रंग आपल्यासाठी काय आहे, उगारलेल्या बोटाचा पुतळा गावागावांत का उभा आहे, हे वर्गातल्या कुणालाच माहीत नसते. दर वेळी आधी इतिहास सांगा, मग चित्रावर बोला, असे होते. याने थकवा येतो. काही जण कंटाळून सगळ्यांना चालेल असे काम करू लागतात. काही जण उलट, बाहेरच्यांना अपेक्षित असलेले दुःखच तेवढे रंगवत राहतात. दोन्हींत आपले काम हातातून निसटते. आपल्याला जे दिसते ते शांतपणे काढत राहणे, आणि ते समजावून सांगण्याची भाषा हळूहळू कमावणे, हाच यातला मार्ग.

बीए की बीएफए?

अमेरिकेत कलेची पदवी दोन प्रकारांनी मिळते. लिबरल आर्ट्स कॉलेजात मिळते ती बीए. कला महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या कला विभागात मिळते ती बीएफए. बीएफएमध्ये प्रमाण उलटे असते. साधारण दोन तृतीयांश अभ्यास कलेचा आणि एक तृतीयांश बाकीचा.

मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. आपल्याकडचे चार वर्षांचे बीएफए याच घडणीचे आहे. हाताला वळण लावण्यात अशी महाविद्यालये सरस. चार वर्षे रोज रंग-रेषेत राहणाऱ्याचा हात बीएवाल्यापेक्षा पुढे असतो, हे मान्य करायला हवे. ज्याला चित्रकार, शिल्पकार किंवा उपयोजित कलाकारच व्हायचे आहे आणि त्याबद्दल मनात शंका नाही, त्याने बीएफए घ्यावे. ज्याला चित्रही काढायचे आहे आणि इतिहास, समाजशास्त्र किंवा रसायनशास्त्रही सोडवत नाही, त्याच्यासाठी बीए आहे.

प्रवेशाची रीतही वेगळी. कला महाविद्यालयांना कामांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ, द्यावाच लागतो. लिबरल आर्ट्स कॉलेजांत तो बहुधा ऐच्छिक असतो. तिथे बारावीपर्यंतचे गुण, निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रे यांवर निवड होते. त्यामुळे कधीच क्लास न लावलेल्या मुलालाही दार उघडे राहते.

ज्यांना एक वर्षही वाया घालवणे परवडत नाही, त्यांनी कला का शिकावी?

समाजाला डॉक्टर हवेत, वकील हवेत, अधिकारी हवेत. मग चित्रकला कशाला? हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजासमोरही होता. त्याचे उत्तर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात पाहायला मिळते. गुलामगिरी संपल्यावर १८६७ मध्ये हे विद्यापीठ सुरू झाले. एडमोनिया लुईसचा खटला लढवणारे लँग्स्टन पुढे इथल्याच कायदा विभागाचे पहिले प्रमुख झाले. आणि गुलामगिरीच्या अंतावर एडमोनियाने १८६७ मध्ये घडवलेले 'फॉरएव्हर फ्री' हे शिल्प आज याच विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

अल्मा थॉमस १९२१ मध्ये हॉवर्डला आली ती गृहविज्ञान शिकायला. तेव्हा कला विभाग नुकताच सुरू होत होता. तिने विषय बदलला आणि १९२४ मध्ये त्या विभागाची पहिली पदवीधर झाली. मग ३५ वर्षे तिने वॉशिंग्टनच्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर ती पूर्ण वेळ रंगवू लागली. १९७२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचे एकल प्रदर्शन झाले. तिथे असा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

एलिझाबेथ कॅटलेटला एका नामांकित संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली होती, पण ती कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर प्रवेश नाकारला गेला. ती हॉवर्डला आली आणि १९३५ मध्ये पदवीधर झाली. १९४० मध्ये तिने आयोवा विद्यापीठातून शिल्पकलेत पदव्युत्तर पदवी घेतली. तिथे वर्गात प्रवेश होता, वसतिगृहात नव्हता. तुम्हाला जे सर्वांत चांगले माहीत आहे तेच घडवा, असे तिथले शिक्षक ग्रँट वुड सांगत. तिने कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्रिया घडवल्या. पुढे मेक्सिकोत जाऊन ती लिनोकट करू लागली. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलेल्या एका चित्राच्या अनेक प्रती स्वस्तात निघतात. चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून न राहता लोकांत जाते. 'शेअरक्रॉपर' हे तिचे १९५२ चे मुद्राचित्र आज जगभर ओळखले जाते.

तिसरे उदाहरण डेव्हिड ड्रिस्केल यांचे. ते हॉवर्डला इतिहास शिकायला आले होते. तिथले चित्रकार आणि कलेतिहासकार जेम्स पोर्टर यांनी त्यांना कला विभागाकडे वळवले. १९५५ मध्ये ते पदवीधर झाले. ते चित्रे काढत राहिलेच, पण त्यांचे सर्वांत मोठे काम १९७६ चे. लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी कलेच्या दोन शतकांचे प्रदर्शन मांडले. दोनशेहून अधिक कलाकृती. ज्यांची नावे कलेच्या इतिहासात नव्हती, त्यांचे काम शहराशहरांत लोकांनी पाहिले. हे काम केवळ चित्र काढता येणाऱ्याला जमले नसते आणि केवळ इतिहास शिकलेल्यालाही नाही.

हॉवर्ड हे लहान लिबरल आर्ट्स कॉलेज नसून मोठे विद्यापीठ आहे. पण इथे मुद्दा तोच दिसतो. कला बाकीच्या विषयांच्या शेजारी असली की विद्यार्थी एका दारातून दुसऱ्या दारात जाऊ शकतो. ज्या समाजाची चित्रे फार काळ इतरांनीच काढली, त्याच्या मुलांना स्वतःचे चित्र काढताही यायला हवे आणि त्यावर वाद घालताही यायला हवा. ती दोन तृतीयांश बाजू त्यासाठीच लागते.

पुढे काम काय मिळते?

फक्त चित्रे विकून जगणारे थोडेच असतात. हे कोणी लपवत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बरेच जण शिकवतात. काही जण डिझाइन, ॲनिमेशन, पुस्तकांची चित्रे, संग्रहालये, प्रकाशन या क्षेत्रांत जातात.

काही कामे अशी आहेत की जिथे मिश्र अभ्यासच लागतो. जुनी चित्रे आणि शिल्पे यांचे जतन करण्याच्या अमेरिकेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांना रसायनशास्त्र, कलेतिहास आणि स्टुडिओचे काम अशा तिन्हींची तयारी लागते. वैद्यकीय चित्रकाराला जीवशास्त्र लागते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यासाठीचा विभाग १९११ पासून आहे. महाविद्यालयात कला शिकवायची असेल तर पुढे एमएफए करावे लागते.

परदेशी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर तिथे राहून काम करण्याची मुभा एक वर्षाची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना ती आणखी दोन वर्षे वाढवून मिळते, स्टुडिओ आर्टला मिळत नाही.

पैशांचे गणित

आता खरी गोष्ट. अमेरिकेतील अनेक खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांचा शिक्षण, निवास आणि जेवणाचा मिळून जाहीर खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. चार वर्षांचा हिशेब केला तर आपल्या बहुतेक घरांचे आयुष्यभराचे उत्पन्नही पुरणार नाही.

पण जाहीर खर्च सगळेच भरत नाहीत. ॲमहर्स्ट आणि बोडन ही अशी लिबरल आर्ट्स कॉलेजे आहेत जी परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश दिला तर त्याच्या गरजेइतकी मदत करतात. ही मदत गरजेवर ठरते. घरचे उत्पन्न कमी तितकी ती जास्त. अडचण अशी की जागा मोजक्या आणि अर्ज जगभरातून येतात. बाकीची बहुतेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत पाहूनच निर्णय घेतात. जास्त मदत मागितली तर प्रवेशाची शक्यता कमी होते. अर्जासोबत उत्पन्नाची माहिती देण्यासाठी 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा अर्ज अनेक ठिकाणी भरावा लागतो. अर्जाची फी परवडत नसेल तर ती माफ करून घेता येते. ते मागायला लाजू नका.

आपल्या योजनांचे काय? केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. पदवीसाठी नाहीत. दर वर्षी काही पालक एजंटच्या बोलण्यावर विसंबून हे उशिरा समजून घेतात. म्हणून स्पष्ट लिहितो : पूर्ण किंवा जवळपास पूर्ण आर्थिक मदत मिळत नसेल, तर या पदवीसाठी घर किंवा जमीन गहाण ठेवून कर्ज काढू नका. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला तरुण पहिल्या दिवसापासून मिळेल ती नोकरी धरतो आणि ज्यासाठी गेला ते कामच सुटते.

इथे राहून काय करता येईल?

अमेरिकेला जाणे हाच एक मार्ग नाही. या पदवीतली पद्धत इथेही आणता येते.

जे बीएफए करत आहेत त्यांनी बाहेरचे दोन तृतीयांश स्वतः भरून काढावेत. महिन्याला इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे एक पुस्तक, आणि त्यावर एक पान लेखन. जे बीए, बीएस्सी करत आहेत पण हात चांगला आहे, त्यांनी रोज तासभर समोर पाहून रेखाटन करावे. फोटोवरून नव्हे. वस्तीतली घरे, कामाला निघालेली माणसे, विहारातली गर्दी. शासकीय कला महाविद्यालयांच्या बीएफएसाठी सीईटी द्यावी लागते, तिची तयारी बारावीच्या वर्षातच सुरू करावी. इथे चांगली पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी वरच्या शिष्यवृत्त्यांवर बाहेर जाणे हा अनेकांसाठी जास्त सुरक्षित रस्ता आहे. त्यांचे नियम दर वर्षी तपासून घ्या. बाहेरची पदवी घेऊन परत यायचे असेल तर इथल्या नोकरीला किंवा प्रवेशाला ती कशी धरली जाते, याची चौकशी जाण्याआधी करा.

आणि क्रिट तर कुठेही सुरू करता येते. चार-पाच जण जमा, प्रत्येकाने महिन्यातले एक काम भिंतीला लावायचे आणि दोन तास त्यावर बोलायचे. विहाराचा हॉल चालेल, अभ्यासिकेची भिंत चालेल. नियम एकच : 'छान आहे' म्हणायचे नाही, कारण सांगायचे.

एडमोनिया लुईसला कॉलेजने प्रमाणपत्र द्यायला दीडशेहून अधिक वर्षे लावली. तोपर्यंत तिची शिल्पे संग्रहालयांत पोहोचली होती. पदवी मिळाली तर घ्या, जरूर घ्या. पण हातातली पेन्सिल तिची वाट पाहत ठेवू नका.